आजीच्या कबरीला चुना : नाशिकरोडची नोव्हेंबरवारी

वसईहून कल्याण गाठायचे आणि तिथून सकाळची तपोवन एक्सप्रेस धरायची, हा आमच्या घराचा ठरलेला रस्ता. कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागून जादा इंजिने लागतात, कारण थळ घाटाची चढण ३७ फुटांना एक फूट आहे. इगतपुरीला ती सुटतात. आजी लग्नासाठी नाशिकरोडला आली ती याच मार्गाने. लाल लुगडे, एक पत्र्याची ट्रंक आणि बाळ येशूची तसबीर. आजोबा सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. १९२५ पासून टपाल तिकिटे छापणाऱ्या त्या प्रेसमुळे बाहेरगावची कितीतरी कुटुंबे नाशिकरोडला येऊन स्थिरावली, आमचेही त्यातलेच.

वारी २ नोव्हेंबरसाठी, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनासाठी. पण पोहोचायचे ३० ऑक्टोबरलाच. दिवाळी त्याच आठवड्यात आली तर आरक्षण आधीच करून ठेवावे लागते आणि झेंडूही महाग पडतो. लवकर जायचे खरे कारण मात्र चुना.

आजीची कबर जुन्या पद्धतीची आहे : विटांचा गिलावा केलेला चौथरा, डोक्याशी काळ्या दगडाचा क्रूस, त्यावर नावाची संगमरवरी पाटी. चौथऱ्याला दरवर्षी चुन्याचे दोन हात लागतात. एक किलो कळीच्या चुन्याला तीन ते चार लिटर पाणी. चुना पाण्यात थोडा थोडा सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. तो उकळून उसळतो आणि डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून चष्मा हवाच. बादली लोखंडी घ्या, उकळत्या चुन्याने प्लास्टिक मऊ पडते. ॲल्युमिनियमचे भांडे चुना खातो. रात्रभर भिजवून सकाळी धडप्याने गाळायचा आणि मूठभर मीठ टाकायचे, म्हणजे तो लवकर वाळत नाही आणि भिंत धरून राहतो.

लावण्याआधी जुना सुटलेला चुना खराट्याने झाडायचा आणि चौथरा पाण्याने ओला करायचा. उन्हात तापलेल्या कोरड्या गिलाव्यावर चुना मारला की गिलावा त्यातले पाणी ओढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी हाताला पांढरी भुकटी लागते. पहिला हात दुधासारखा पातळ. ओला असताना तो जवळजवळ दिसतच नाही, पांढरेपणा वाळल्यावर चढतो. इथेच बहुतेक जण घाई करतात : काही दिसत नाही म्हणून दाट थर चढवतात आणि नाताळापर्यंत त्याचे पोपडे निघतात. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. परतीचा पाऊस रेंगाळत असेल तर रात्री ताडपत्री टाकावी, कोवळा चुना सरीने धुऊन जातो.

पाटीवर चुना उडाला तर तो लगेच ओल्या फडक्याने पुसा. मेणाचे डाग पडले असतील तर मेणावर बर्फ धरायचा, कडक झाले की जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडायचे, उरलेले टीपकागद ठेवून कोमट इस्त्रीने ओढून घ्यायचे. लिंबू किंवा व्हिनेगर कधीही वापरू नये. संगमरवराला आम्ल खाते, चकाकी जाते आणि परत येत नाही. अक्षरांतला काळा रंग उडाला असेल तर बारीक ब्रशने ऑइलपेंट भरून, बाहेर आलेला टर्पेंटाइनच्या बोळ्याने टिपून घ्यायचा. मेणबत्त्यांसाठी काचेच्या चिमण्या बरोबर न्याव्यात. संध्याकाळी वारा सुटतो, उघडी वात टिकत नाही आणि मेण नेमके पाटीवरच ओघळते.

मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. ती कोणासाठी अर्पण करायची, तो हेतू मात्र आधीच द्यायचा. पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, ऑफिसमध्ये तारीख, मृताचे पूर्ण नाव आणि 'पुण्यतिथी' की 'मृतात्म्यासाठी' हे लिहून द्यावे लागते. पुष्कळ जण रविवार मागतात आणि तो मिळाला नाही की नाराज होतात. त्यामागे नियम आहे : रविवारी आणि सक्तीच्या सणांना पॅरिश प्रीस्टला एक मिस्सा सगळ्या पॅरिशसाठी अर्पण करावीच लागते. एकच मिस्सा असेल तर तिथे खाजगी हेतूला जागा नाही. मधला वार मागा, सहज मिळतो. २ नोव्हेंबरची गोष्ट वेगळी. त्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा आहे. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९१५ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, ती साऱ्या चर्चला दिली. त्यातली फक्त एक मिस्सा देणगी दिलेल्या हेतूसाठी असते, दुसरी सर्व मृतांसाठी आणि तिसरी पोपच्या हेतूंसाठी. बऱ्याच चर्चमध्ये नोव्हेंबरभर वेदीजवळ लिफाफ्यांची पेटी असते, त्यात घरातल्या सगळ्या मृतांची नावे देता येतात. आजीची यादी तिच्या प्रार्थनापुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर होती. आम्ही तीच उतरवतो आणि तिचे नाव खाली जोडतो.

१ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली की पूर्ण दंडमाफी, म्हणजे क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका, मिळते, आणि ती मृतात्म्यालाच अर्पण करायची असते. त्याला पापनिवेदन, कम्युनियन (मिस्सेत पवित्र भाकर घेणे) आणि पोपच्या हेतूसाठी प्रार्थना यांची जोड लागते, शिवाय पापाची ओढ मनातून सुटलेली हवी. एका दिवशी एकच. पापनिवेदन एकदा केले तर अनेक दिवसांना चालते, कम्युनियन मात्र त्या त्या दिवसाचे लागते. आजी आठही दिवस जायची, आणि रोज वेगळ्या माणसासाठी. ज्यांच्यासाठी कोणी करत नाही त्यांच्यासाठी शेवटचा दिवस.

तिच्या घरात संध्याकाळी सातला रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. पाच रहस्ये (येशू आणि मरियेच्या जीवनातले प्रसंग), त्रेपन्न 'नमो मरिया', शांतपणे म्हटली तर वीस मिनिटे. सर्वांत लहान मूल पहिले रहस्य चालवणार, म्हणजे त्याला झोप येत नाही. गुरुवारी तिची आनंदाची रहस्ये असत. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची रहस्ये सुचवली आणि गुरुवार त्यांना मिळाला. तेव्हा आजी बरीच थकली होती. तरी तिने नवी पाचही रहस्ये पाठ केली आणि नातवंडांची परीक्षा घेतली. घरातली भांडणे रोझरीच्या आधी मिटवायची हा तिचा कायदा होता, आणि सुनांइतकाच तो मुलांनाही लागू होता. आमच्या घराला धरून ठेवले ते या कायद्याने, असे मला मनापासून वाटते.

नाशिक-पुणे रस्त्यावर नेहरूनगरला बाळ येशूचे तीर्थस्थान आहे. आजीचा गुरुवार तिथेच जायचा. मूर्ती प्रागच्या बाळ येशूच्या धर्तीची : उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, डाव्यात पृथ्वीचा गोल. प्रागची मूळ मूर्ती जेमतेम ४७ सेंटीमीटरची आहे, १६२८ मध्ये पोलिक्सेना लोब्कोविच या उमराव घराण्यातल्या विधवेने ती कार्मेलाइट साधूंना दिली. नाशिकरोडची यात्रा फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी भरते आणि वसई, मुंबई, गोव्याकडची माणसे लोटतात. यात्रेत निवांत प्रार्थना होत नाही आणि लॉजही मिळत नाहीत. आजीसाठी यायचे तर नोव्हेंबरच बरा.

घरी फुगे, म्हणजे वसईकडचे तळलेले गोल पाव, करायचेच. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, पाव लिटर नारळाचे दूध, दोन चमचे साखर, मीठ, एक छोटा चमचा कोरडे यीस्ट, लागेल तसे कोमट पाणी. पीठ मुठीतून पिळले की अंगठ्यावरून गोळा निघावा इतके सैल. वसईत हे ताडीवर फुगवत. नाशिकची ताडी आजीच्या पसंतीला उतरली नाही म्हणून ती यीस्टकडे वळली. इथल्या थंडीत पीठ तासनतास बसून राहते, म्हणून ती पातेले तांदळाच्या डब्यात ठेवून शेजारी गरम पाण्याचा तांब्या ठेवायची. दुप्पट झाल्याशिवाय तळू नयेत. तेल मध्यम हवे. कडकडीत तेलात वरून लाल होतात आणि आत कच्चे राहतात.

निघण्याआधी पॅरिश ऑफिसात एक काम उरते. काही दफनभूमींत जागा अपुरी असल्याने ठरावीक वर्षांनी कबर पुन्हा वापरतात. तेव्हा आपली जागा कायमची आहे की मुदतीची हे पावतीवर बघून घ्यावे आणि पावतीची प्रत घरातल्या दोघांकडे तरी असावी. नोंदवहीतले स्पेलिंगही तपासावे. कॅथलिक माणसाचे लग्न कुठेही लागो, त्याची नोंद बाप्तिस्मा झालेल्या पॅरिशच्या वहीत करून घ्यायची असते. आजीच्या वसईतल्या बाप्तिस्म्याच्या ओळीपुढे, समासात, नाशिकरोडच्या लग्नाची तारीख आहे. पण तिथे आडनाव एका तऱ्हेने आणि नाशिकच्या मृत्यूच्या वहीत दुसऱ्या तऱ्हेने लिहिले आहे. पुढे कोणाला दाखला लागला तर दोन्ही उतारे एकत्र जोडावे लागतील, म्हणून आम्ही ते काढून एकाच पाकिटात ठेवले आहेत. पाकीट आजीच्या ट्रंकेत आहे, ट्रंक धाकट्या काकांकडे.