कडू लागलं म्हणून पास?

तुर्भे एमआयडीसीतल्या आमच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, भुईआवळ्याच्या अर्काचा ड्रम उतरायच्या आधीच खरेदीवाल्यांचा फोन येतो. "मॅडम, सीओए ओके आहे, आजच सोडा ना." त्या सीओएवर, म्हणजे पुरवठादाराच्या तपासणी-प्रमाणपत्रावर, ठळक असतात ते 'बिटर्स'. कडू भाग सॉल्व्हंटने काढायचा, आटवायचा, तोलायचा. तोलून वजन कळतं, झाड कळत नाही. कालमेघाची, म्हणजे दुसऱ्याच एका कडू वनस्पतीची, भेसळ असली तरी आकडा झकास येईल.

ही बॅच बिटर्समध्ये सहज बसली. एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, २३० नॅनोमीटर तरंगलांबीला, भुईआवळ्याची ओळख असलेल्या फिलँथिनच्या शुद्ध स्टँडर्डचा पीक (आलेखातलं शिखर) टोकदार आला. नमुन्यात त्याच वेळेला जेमतेम उंचवटा. नव्याने वजन करून पुन्हा चालवलं, तरी तेच.

मग पुरवठादाराकडून कच्चा माल मागवला आणि बिया भिंगाखाली धरल्या. बी मिलिमीटरभर. फिलँथस अमारसच्या, म्हणजे आम्हाला हव्या असलेल्या भुईआवळ्याच्या, बीवर उभ्या रेघा असतात, इथे बऱ्याच बियांवर आडव्या होत्या. फळंही खरखरीत, अमारसची गुळगुळीत असतात. माल फिलँथस युरिनेरियाचा, म्हणजे जवळच्याच दुसऱ्या जातीचा, होता. शिवाय पानं कमी, काड्या जास्त, आणि फिलँथिन मुख्यतः पानात असतं.

"मॅडम, भुईआवळाच आहे की, गावाकडे दोन्हीला तेच म्हणतात," खरेदीतले दादा म्हणाले. गावाकडे म्हणत असतील. पण प्रयोगशाळेत कार्बन टेट्राक्लोराइडने उंदरांच्या यकृतपेशी मरायला लागल्या, तेव्हा त्यांना वाचवताना दिसले ते फिलँथिन आणि त्याच्यासारखंच हायपोफिलँथिन. तेच नसेल तर बाटलीवर 'लिव्हर' कशाच्या जोरावर छापायचं?

१९८८ साली मद्रासच्या अभ्यासात अमारस घेतलेल्या हेपॅटायटिस बीच्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातलं पृष्ठभाग-प्रतिजन, म्हणजे विषाणू असल्याची खूण, गेलं. प्लासिबोवाल्या, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही घेतलेल्या, २३ पैकी एकाचं. पुढे इतर अनेकांना तसं यश मिळालं नाही. वनस्पती वेगळी असावी, ही शंका तेव्हाही निघाली होती. माणसांवरचा पुरावा आधीच इतका डळमळीत असताना आपण निदान झाड तरी बरोबर द्यायला नको?

बॅच परत गेली. सीओए अजून 'ओके'च आहे, त्यामुळे जिथे फक्त बिटर्स बघतात तिथे तो माल खपेल, याची मला खात्री आहे. आमच्या स्पेसिफिकेशनमध्ये फिलँथिनची किमान मर्यादा घालायचा प्रस्ताव मी लेखी दिलाय. खरेदी विभाग म्हणतो, दर वाढेल. फाइल त्यांच्याकडे आहे आणि मी रोज विचारते.