तुम्ही विचारलंत म्हणून: सार्वजनिक जागेचा कन्सेप्ट कुठून आणायचा?

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला ‘कम्युनिटी स्पेस’ हा विषय लागला की सांगलीतली मुलं हमखास विचारतात, ‘कन्सेप्ट (डिझाइनमागची मूळ कल्पना) कुठून आणू?’ विषय साधारण असा असतो: कृष्णाकाठची ३० बाय ४० मीटरची मोकळी जागा, त्यात बसायची सोय, छोटं वाचनालय, स्वच्छतागृह आणि कार्यक्रमासाठी कट्टा. मग कुणी नदीची लाट उचलतं, कुणी हळकुंड, आणि सगळा प्लॅन त्या आकारात बसवायला घेतं. माझं म्हणणं असं की आठवडाभर आकाराला हात लावू नका. आधी जागेचा सेक्शन, म्हणजे जागा उभी कापल्यावर दिसणारं चित्र, काढा, १:५० च्या प्रमाणात, नदीपासून रस्त्यापर्यंत.

त्या सेक्शनवर पहिल्या रेघा पुराच्या. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मात्र पुलावरचा आकडा तुमच्या जागेला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण नदीच्या पाण्यालाही उतार असतो. आजूबाजूच्या घरांवर २०१९ च्या खुणा आहेत. ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावून तीन-चार खुणांची उंची घ्या आणि ती जुळते का बघा. ओल भिंतीत वर चढते, त्यामुळे डागाची वरची कड म्हणजे पाण्याची पातळी असं धरलंत तर फसाल. घरातल्या माणसाला विचारा, पाणी खिडकीच्या कोणत्या गजापर्यंत होतं. ते त्यांना पक्कं आठवतं.

आता हिशेब करा. तुमची जमीन पुलावरच्या मापाने ४९ फुटांवर आली, तर २०१९ चं पाणी तिथे आठ फुटांहून जास्त, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर होतं. वाचनालय तळमजल्यावर ठेवलं तर पुस्तकं गेली. वर उचललं तर खाली सावलीची मोठी जागा मिळते, पण ३ मीटर चढायला १:१२ चा रॅम्प (१ मीटर चढायला १२ मीटर लांब उतार) ३६ मीटर लागतो. दर ९ मीटरला दीड मीटरचा सपाट टप्पा धरला की ४० मीटरांच्या पुढे जातो. तुमचा प्लॉटच ४० मीटरचा आहे. म्हणून वर्तमानपत्रं, बाकं, कॅरम हे सगळं खाली ठेवा, पाणी चढू लागलं की तासाभरात वर नेता येईल असं. पुस्तकांची कपाटं आणि विजेचा बोर्ड वर. वरचं पुस्तक खाली मागवता येईल अशी खिडकी किंवा छोटी लिफ्ट दाखवा. माझ्या मते या प्रोजेक्टचा खरा कन्सेप्ट इथेच सापडतो: काय भिजलं तरी चालेल आणि काय नाही.

खालच्या भागात काळा दगड, काँक्रीट, लोखंडी गज. प्लायवूड आणि लॅमिनेट नको. लांब आडव्या भिंती प्रवाहाला काटकोनात उभ्या करू नका. पाण्याचा जोर तिथे बसतो आणि गाळ मागे साठतो. वाईला ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. एकदा जाऊन तिचं स्केच करा. गाळ धुवायला नळ कुठे, धुतलेलं पाणी जाणार कुठे, हेही सेक्शनवर दिसू द्या. फरशीला १:८० च्या आसपास उतार पुरतो.

सेप्टिक टँक, म्हणजे स्वच्छतागृहाची मैल्याची टाकी, बहुतेक ड्रॉइंग शीटवर नुसता एक चौकोन असतो. २ मीटर लांब, १ मीटर रुंद, दीड मीटर खोल टाकी रिकामी असताना जमिनीतलं पाणी वरपर्यंत आलं, तर तिला सुमारे ३ टनांचा जोर वर ढकलतो. टाकीचं स्वतःचं वजन त्याहून कमी असेल तर ती उचकटते, पाइप तुटतात. तळाची काँक्रीटची बैठक भिंतींच्या बाहेर काढली की वरच्या मातीचं वजन तिला दाबून धरतं.

ऊन. सांगली साधारण १६.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि छपराची सावली छपराखालीच पडते. पण लोक येतात साडेचार-पाचनंतर. मेअखेरीस साडेचारला सूर्य पश्चिमेकडे ३३ अंशांवर असतो. ३ मीटर उंच छपराची सावली तेव्हा साडेचार मीटरांहून जास्त पूर्वेला सरकलेली असते. बाक छपराखाली मधोमध ठेवलंत तर ते नेमकं उन्हात येईल. रेंडरमधली, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रातली, सावली दुपारी बाराची असते म्हणून हे कळत नाही. पश्चिमेला करंज किंवा कडुलिंबाची रांग लावा. खड्डा १.२ मीटर घनाचा, आणि पार बांधाल तर बुंध्याभोवती निदान १ मीटर माती उघडी ठेवा. सिमेंट बुंध्यापर्यंत आणलं की मुळांना हवा-पाणी मिळत नाही, झाड हळूहळू वाळतं आणि त्याबरोबर तुमची सावलीही जाते.

माणसांची माहिती गोळा करताना ‘तुम्हाला इथे काय हवं?’ असं विचारलंत तर सगळे ‘बगीचा’ म्हणतात. त्याऐवजी विचारा: ‘काका, काल किती वाजता आलात? कुठे बसलात? का उठलात?’ सकाळी सहा, अकरा, दुपारी चार आणि रात्री आठ, अशा चार वेळा एकाच ठिकाणाहून फोटो काढा. एक साधा दिवस आणि एक आठवडी बाजाराचा. कोणत्या वेळी बायका दिसेनाशा होतात ते बघा. बहुतेकदा तिथे दिवा नसतो, किंवा स्वच्छतागृह मागच्या कोपऱ्यात ढकललेलं असतं. त्याचं दार वर्दळीच्या बाजूला आणा, आत नजर जाऊ नये म्हणून आडवी भिंत द्या. व्हीलचेअरसाठीची खोली किमान २.२ बाय २ मीटर, दार ९० सेंटिमीटर.

बाजार भरणार असेल तर एका पालाला १.८ बाय १.८ मीटर आणि मधल्या वाटेला अडीच मीटर धरा. ताडपत्रीची दोरी बांधायला फरशीत लोखंडी कड्या बसवा, नाहीतर दोरी झाडाला आणि दिव्याच्या खांबाला बांधली जाईल.

पायऱ्यांबद्दल एवढंच. बसायची पायरी ४५ सेंटिमीटर, चढायची १५. तीन चढायच्या म्हणजे एक बसायची, हे गणित सरळ आहे, तरी निम्म्या प्लॅनवर सगळ्या पायऱ्या ४५ च्या असतात आणि आजीने वर जायचं कसं याचं उत्तर नसतं. दर ६ मीटरला चढायच्या पायऱ्यांचा पट्टा आणि कठडा द्या. ४५ सेंटिमीटरच्या जोत्याला रॅम्प ५.४ मीटर, दोन्ही टोकांचे दीड-दीड मीटर धरून ८.४. शेवटी आठवला की तो दोन मीटरची घसरगुंडी होऊन बसतो.

जमीन काळी असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसतं रोलर फिरवून पेव्हर (काँक्रीटचे फरसबंदी ब्लॉक) टाकले की दोन पावसाळ्यांत लाटा येतात. ४५ ते ६० सेंटिमीटर काळी माती काढा, मुरूम १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत दाबून भरा, वर ३ ते ५ सेंटिमीटर वाळू. माणसांसाठी ६० मिलिमीटरचा पेव्हर पुरतो; विसर्जनाचे ट्रॅक्टर येणार असतील त्या पट्ट्यात ८०. कडेला कर्ब (काठाचा उभा दगड) पक्का हवा, नाहीतर कडेचा पेव्हर सरकतो आणि मागून सगळी ओळ सुटते.

ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोर, शीट लावताना हा सेक्शन पहिला लावा, पुराच्या रेघा आणि साडेचारची सावली रंगवून. प्लॅन त्याच्या शेजारी. लाट किंवा हळकुंड तोवर लागलंच नाही, तर त्याची जागा चार वेळांच्या फोटोंना द्या.