इमारतीचा कार्बन मोजताना

साइटवर पर्यावरणाचं काम म्हणजे हिरवी जाळी बांधायची आणि धूळ बसवायला पाणी मारायचं, एवढंच मला ठाऊक होतं. मग एका सात मजली इमारतीचा कार्बन हिशेब, म्हणजे ती बांधताना एकूण किती कार्बन डायऑक्साइड सुटतो याची मोजणी, माझ्या गळ्यात पडला.

सुरुवात डिझेलपासून केली, कारण त्याचं रजिस्टर नीट होतं. एक लिटर जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. गुणाकार केला, दोन दिवसांत आकडा तयार! मग इमारतीचा असा हिशेब कसा करायचा हे सांगणारं ईएन १५९७८ हे युरोपीय मानक वाचलं आणि उत्साह उतरला. त्यात कामाचे टप्पे पाडलेले असतात: ए१ ते ए३ म्हणजे साहित्याची निर्मिती, ए४ वाहतूक, ए५ साइटवरचं काम. माझं सगळं डिझेल एकट्या ए५ मध्ये बसत होतं. कार्बनचा खरा मोठा वाटा होता काँक्रीट आणि सळईत.

सिमेंटच्या भट्टीत चुनखडी तापून विघटित होते तेव्हा तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. इंधन कितीही स्वच्छ वापरा, तो भाग राहतोच, आणि तोच निम्म्याहून जास्त. म्हणून एक घनमीटर काँक्रीटमध्ये सिमेंट नेमकं किती, हे कळणं महत्त्वाचं. इथे मी चांगलाच आपटलो. मिक्स डिझाइनमधला ‘बाइंडर’चा, म्हणजे सिमेंट आणि त्याच्या जागी घातलेली पूड मिळून होणारा आकडा मी सगळा सिमेंट म्हणून धरला. त्यात जवळजवळ चाळीस टक्के स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी होती, आणि तिचा कार्बन सिमेंटपेक्षा खूप कमी! अख्खी शीट पुन्हा केली.

पुरवठादारांकडे ईपीडी मागितली, तर एकाने हिरव्या पानांची चित्रं असलेलं माहितीपत्रक पाठवलं. ईपीडी (एन्व्हायर्न्मेंटल प्रॉडक्ट डिक्लरेशन) म्हणजे त्या मालाच्या पर्यावरणीय परिणामाचे त्रयस्थाने तपासलेले आकडे, सहसा पाच वर्षांपुरते वैध. दुसऱ्याने ती दिली, पण मुदत संपलेली. सळईचं तर विचारूच नका. भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेली सळई आणि खनिजापासून झोतभट्टीत केलेली, यांच्या आकड्यांत कैक पटींचा फरक पडू शकतो, आणि चलनावर नाव होतं फक्त व्यापाऱ्याचं. शेवटी जास्तीचा आकडा धरला.

सगळ्यात मोठा वाद झाला भागाकारावर, म्हणजे एकूण कार्बन किती क्षेत्रफळाने भागायचा यावर. प्रति चौरस मीटर म्हणजे कुठला चौरस मीटर? पार्किंग धरलं की आकडा आपोआप गोंडस दिसतो. वरिष्ठांना तोच हवा होता. मी अहवालात दोन्ही लिहिले आणि बोलणी खाल्ली.

पुढच्या साइटवर पहिल्याच दिवशी स्टोअरकीपरला सांगितलं, चलनावर सळई बनवणाऱ्या मिलचं नाव नसेल तर माल उतरवायचा नाही. राडारोड्याचं वजन मात्र अजून ट्रॉलीच्या अंदाजानेच चाललंय.