झांजेचा तो एक ठोका

आज संध्याकाळी काकांकडे बैठक जमली. आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा जमतो, जॅझ ऐकतो आणि तावातावाने भांडतो. आज लावली होती ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही रेकॉर्ड. १९५९ साली न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या स्टुडिओत, अवघ्या दोन दिवसांत रेकॉर्ड झालेली.

तिच्यातल्या ‘सो व्हॉट’ या पहिल्या रचनेत माइल्सचा ट्रम्पेट सोलो सुरू होतो, बरोब्बर त्या क्षणी ड्रमवादक जिमी कॉब झांजेवर ठोका मारतो. काकांनी सुई उचलून तो ठोका आम्हाला तीनदा ऐकवला. झणकार विरत जातो आणि त्याच्या खालून ट्रम्पेट वर येतो. अंगावर काटा आला हो!

मग विषय या रेकॉर्डवर वाजवणाऱ्या, आता गेलेल्या वादकांवर आला. पॉल चेंबर्स ३३व्या वर्षी गेला, कोल्ट्रेन ४०व्या, कॅननबॉल ४६व्या, बिल इव्हान्स ५१व्या. १९९१मध्ये माइल्स. त्यानंतर उरला तो एकटा जिमी कॉब. २०२०च्या मे महिन्यात, ९१व्या वर्षी, तोही गेला. एका रेकॉर्डवरचं अख्खं घर रिकामं झालं. ऐकताना मात्र सगळे समोर बसलेले असतात.

काकांनी १९७८च्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात, मुंबईत, सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सला प्रत्यक्ष ऐकलंय. ते सांगताना आजही त्यांचा आवाज कापतो.

निघताना मी म्हटलं, “काका, तो ठोका अजून एकदा.” त्यांनी काही न बोलता सुई पुन्हा टेकवली. आम्ही दारातच, चपला हातात घेऊन उभे राहिलो.