एका जास्तीच्या ‘ए’पायी एकोणीस दिवस

मुलीला सीबीएसई बारावीत 91 टक्के पडले, जेईई मेनची रँक दीड लाखाच्या आत आली आणि इथेच, इंदूरला, खाजगी कॉलेजात इंजिनिअरिंगला नंबर लागला. मध्य प्रदेश सरकार हुशार मुलांची फी भरतं, त्या मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत सीबीएसईला 85 टक्के लागतात, मध्य प्रदेश बोर्डाला 70. खाजगी इंजिनिअरिंगला वर्षाला दीड लाख किंवा प्रत्यक्ष फी, जे कमी असेल ते मिळतं. आमचं सगळं बसत होतं.

अडलं समग्र आयडीवर, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणीतल्या क्रमांकावर. आमचं आडनाव काळे. हिंदीत ळ लिहीत नाहीत, म्हणून समग्रमध्ये आम्ही ‘काले’, आणि इंग्रजीत कुणीतरी एक ‘ए’ जास्त टाकलेला. आधार आणि मार्कशीटवर एकच ‘ए’. अर्ज पुढे सरकेना.

दुरुस्तीची विनंती घरूनच दहा मिनिटांत टाकली. मंजुरी मात्र कार्यालयातून. पहिल्यांदा गेले तर “सर्वर डाउन है”. दुसऱ्यांदा साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा बाबूंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, त्या ‘ए’वर बोट ठेवलं आणि म्हणाले, “मॅडम, आधार ही बदलवा लो.” माझं डोकंच तापलं. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, आणि चूक तर त्यांच्याकडची! प्लास्टिकच्या फोल्डरमधली मार्कशीट पुढे धरली. म्हटलं, माझ्या मुलीचं नाव बरोबर आहे, ते मी बदलणार नाही.

तोवर कॉलेजच्या फीची शेवटची तारीख आली. ह्यांनी एफडी मोडून पहिला हप्ता भरला. त्या रात्री मुलगी म्हणाली, “आई, राहू दे, बी.एस्सी. करते.” ते मला फार लागलं.

सोळाव्या दिवशी 181वर, सीएम हेल्पलाइनला, विनंती क्रमांकासकट तक्रार केली. तिसऱ्या दिवशी मंजुरी! म्हणून सांगते, तो क्रमांक वहीत लिहून ठेवा, आणि चौथी खेप घालण्याआधी 181 लावा.

हो, उत्पन्नाचा दाखला लोकसेवा केंद्रातून आधीच काढून ठेवा. मुलांचं बँक खातं आधारशी जोडलंय का, तेही बघा. आणि समग्रमधलं स्पेलिंग मूल दहावीत असतानाच तपासा, ळ असलेल्या आडनावांनी तर नक्कीच.

अर्ज पुढे गेला तेव्हा मुलीने फोन माझ्यासमोर धरला. दोन्हीकडे एकच ‘ए’. मी अक्षर न् अक्षर वाचून पाहिलं.