हाताने फिरवलेलं समुद्रमंथन

इंदूरला अनंत चतुर्दशीच्या रात्री लोक झांक्या, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतले चित्ररथ, बघतात तेव्हा मी बहुधा एखाद्या ट्रॉलीच्या फळ्यांखाली असतो. मी कापडाच्या मिलमध्ये फिटर होतो. मिल बंद पडली, पण तिच्या गणेशोत्सव समितीने झांकी सोडली नाही. शहरातल्या इतर मिलवाल्यांचंही तेच. हुकुमचंद मिल 1991 साली बंद झाली आणि तिथल्या कामगारांचे थकलेले पैसे मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळातही त्यांची झांकी निघतच होती. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर पटत नाही.

एका वर्षी आम्ही समुद्रमंथनाची झांकी केली होती. मिनिटाला 1440 फेरे घेणारी मोटर, पुढे तिचा वेग उतरवणारा वर्म गिअरबॉक्स, त्यावरून मोटरसायकलची जुनी चेन आणि शेवटी पुतळे पुढे-मागे झुलवणारी क्रँक. क्रँकच्या दोन दांड्या समोरासमोर: देव मागे झुकले की दानव पुढे. दोन्ही बाजूंचं वजन एकमेकांना तोलतं, मोटरवर भार कमी येतो. ही जोडणी विणाई खात्यातल्या जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणाऱ्या, चाचांची. जन्म लूमवर गेलेला माणूस. भंगारातून असं काम उभं करणारा दुसरा कारागीर मी पाहिलेला नाही. नमाज पढून यायचे आणि मध्यरात्रीपर्यंत गणपतीच्या झांकीखाली आडवे व्हायचे. मराठी, मालवी, यूपीवाले, सगळे एकाच पाळीत वाढलेले. कोणाला त्यात काही विशेष वाटत नसे.

गिअरबॉक्स मात्र जुनाट होता. मदतीची रक्कम दरवर्षी इतकी उशिरा हातात पडते की महिन्याचं काम आठवड्यात उरकावं लागतं आणि मिळेल तो माल लावावा लागतो. कागद अडवून बसणाऱ्यांनी एकदा तरी झांकीखाली येऊन बघावं.

भंडारी मिलपासून जेल रोड, कृष्णपुरा, जवाहर मार्ग नीट पार पडलं. नृसिंह बाजारात वळताना चाक खड्ड्यात गेलं, खालून कर्रकन आवाज आला आणि देव-दानव जागच्या जागी थांबले. गिअरबॉक्समधल्या गनमेटलच्या चाकाचे काही दात साफ गेले होते. मागे झांक्या तुंबल्या, पोलिसांच्या शिट्ट्या सुरू.

"चेन उतार पहले," चाचा म्हणाले. असा वर्मचा गिअर मोटरच्या बाजूनेच फिरतो, शाफ्टच्या बाजूने फिरवता येत नाही. तो सुटा केल्याशिवाय शाफ्ट हलणं शक्यच नव्हतं. चेन काढली, शाफ्टच्या टोकाला पाइप पाना आवळला, त्यात जॅकचा दांडा अडकवला आणि साठी उलटलेले चाचा स्वतः फिरवायला बसले. वर दिवे चालू, देव-दानव पुन्हा झुलायला लागले.

खाली जेमतेम अडीच फूट जागा. डिझेलचा धूर, हॅलोजनची धग, ग्रीसने निसटणारा दांडा. शीतलामाता बाजारात चाचांना दम लागला, मी बसलो. मग कापडाचा पडदा सारून माणसं आत शिरू लागली. अखाड्यात बनेठी, म्हणजे टोकं पेटवलेली काठी, फिरवणारा एक पोरगा. एक हम्माल. ओट्यावरून उतरलेला एक दुकानदार, पांढऱ्याशुभ्र झब्ब्यासकट. "भिया, सरको." आम्ही कोणालाही हाक मारली नव्हती. झांक्यांना नंबर देणाऱ्या परीक्षकांना काही कळलं नाही.

खजुरी बाजारपासून राजवाड्यापर्यंत एकच माणूस बसला. अंधारात त्याचा हात तेवढा दिसला, बोटात निळ्या खड्याची अंगठी. बाकीचे सगळे जोर लावत होते. हा क्रँक टोकाला आली की हात हलका सोडायचा, पुढे गेली की धरायचा. हे सांगून येत नाही, वर्षानुवर्षं यंत्राशी राहावं लागतं. नक्कीच कुठल्यातरी मिलचा होता. राजवाड्याला मी टॉर्च शोधेपर्यंत तो गर्दीत मिसळला. कुठली मिल, कुठलं खातं, हे चाचांनी नंतर दोन-तीन मोहल्ल्यांत विचारलं. पत्ता लागला नाही. मी अजूनही लोकांचे हात बघतो.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक झांकीत शाफ्टचं एक टोक मी चौकोनी घासायला लावतो, दांडा सरळ बसावा म्हणून. नवी पोरं कुरकुरतात, आता मोटरी चांगल्या येतात म्हणतात. येतात खऱ्या. तरी टोक घासल्याशिवाय मी ट्रॉली हलू देत नाही.