दोन तुकडे

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. मनू कधीची झोपली.

गोष्ट तशी काहीच नाही. बाजारात चीजवाल्या बाईंनी चव बघायला म्हणून ओस्त्सिपेक चीजचे दोन तुकडे कापून पुढे केले. एक मला. दुसरा माझ्या मागे सफरचंदं निवडत उभ्या असलेल्या गृहस्थाला. तो माझ्याबरोबरच आहे असं त्यांना वाटलं. त्याने मान हलवली आणि निघून गेला. बाईंनी हात मागे घेतला नाही. मग दुसराही मीच खाल्ला.

एवढंच झालं, पण तेव्हापासून घशाशी काहीतरी अडकलंय.

दिवस खरं तर छान गेला. सकाळी प्लांतीतून चालत निघाले. पोलंडमधल्या या क्राकूवची जुनी तटबंदी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडली आणि त्या जागी ही बाग केली, त्यामुळे अख्ख्या जुन्या गावाला झाडांचा वेढा आहे. एका बाकावर बसले, उठले, पुढच्या बाकावर पुन्हा बसले. मग रीनेक, १२५७ साली आखलेला चौक, एकेक बाजू जवळपास २०० मीटर. मधोमध सुकेनित्से, जुना कापडबाजार. आता तिथे अंबरचे दागिने आणि लाकडी पेट्या विकतात. एका गाळ्यापाशी किती तरी वेळ उभी होते. कुणी ‘चल आता’ म्हणालं नाही.

हे असते तर एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडले असते. मी मागे, हे दहा पावलं पुढे, नजर घड्याळावर. जन्मभर मी त्यावरून चिडले. जरा बघू द्या हो सावकाश, किती वेळा म्हटलं असेल. आज हवा तेवढा सावकाश दिवस मिळाला आणि चिडायला कुणी नाही. कशाला आले मी इथे, असंही एकदा वाटून गेलं. मनूला ते सांगितलं नाही.

बारा वाजता मरियमच्या चर्चच्या मनोऱ्यावरून हेइनाऊ, इथला जुना इशारतीचा सूर, ऐकला. अग्निशमन दलाचा माणूस दर तासाला तो ट्रम्पेटवर वाजवतो आणि सूर मध्येच तुटतो. पूर्वी वाजवणाऱ्याला तातारांचा बाण लागला म्हणून, अशी दंतकथा. मला मात्र अप्रूप वाटलं ते तो चारी दिशांना, खिडकी बदलून बदलून वाजवण्याचं. ज्याला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही, त्याला पुन्हा.

तिथून बार्बाकान, म्हणजे तटाबाहेरचा जुना गोल बुरूज, ओलांडून स्तारी क्लेपाशचा बाजार. रानातल्या अळंब्यांचे ढीग, निळी आलुबुखारं, पिंपात मुरलेल्या काकड्या, शेपूचा वास. आपल्या कपिलतीर्थ मंडईत असते तर अर्धं सामान घेऊन टाकलं असतं. ओस्त्सिपेक म्हणजे तात्रा पर्वतातल्या धनगरांचं मेंढीच्या दुधाचं धुरावलेलं चीज, टकळीसारखं दोन्हीकडे निमुळतं. चवीला खारट आणि चिवट. बाईंना सांगावंसं वाटलं, मी कोल्हापूरची, आमच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ तुमची पोलिश माणसं निर्वासित म्हणून राहून गेली, पाचेक हजार, बहुतेक बायका आणि मुलं. भाषा येत नव्हती. राहून गेलं.

पण तो तुकडा. मघापासून तेच घोळतंय. एकटी आहे हे काही नवीन नाही, त्याचं दुःख जुनं झालंय. मग नवीन काय टोचलं? बहुतेक हे, की क्षणभर एका परक्या बाईने माझ्या मागे कुणीतरी आहे असं धरलं होतं, आणि क्षणभर मलाही मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

आता लिहिता लिहिता लक्षात येतंय, हे माझ्या मागे कधी उभे राहिले असते? ते एव्हाना ट्रामच्या थांब्यावर पोचले असते. बाईंना ते दिसलेच नसते, आणि त्यांनी एकच तुकडा कापला असता. तीस वर्षं मंडईत मी अशीच एकटी उभी राहून भाव करत आले, आणि तेव्हा मला कधी एकटं वाटलं नाही.

हे लिहिल्यावर जरा हलकं वाटलं.

उद्या व्येलिच्काची मिठाची खाण. मनू रजा टाकते म्हणाली, मी नको म्हटलं. उतरायला शेकडो पायऱ्या आहेत, पण वर यायला लिफ्ट आहे आणि गुडघा सध्या बरा आहे. तिथे गाइडबरोबरच फिरावं लागतं, मागे रेंगाळू देत नाहीत म्हणे. मला चालेल.